मंद्रूपला भरलेला फॉर्म

चहा घेता घेता ऐका, कारण हे सांगताना मला अजून एका जागी बसवत नाही. तसा मी कुठंच स्वस्थ बसत नाही म्हणा. लावलेलं कुलूप तीनदा ओढून बघणारा माणूस मी, आणि मला काम मिळालं कुठलं? सोलापुरात मनाच्या आजारांवर संशोधन करणाऱ्या एका मॅडमकडं!

ज्या घरात आजार आहे तिथं जायचं आणि फॉर्मवर तीन पिढ्या काढायच्या. पुरुष चौकोन, बाई गोल, आजारी असेल तो काळा. मग नळीत लाळ घ्यायची. आजार रक्तातून किती येतो आणि सोसलेल्या दिवसांची खूण जनुकांवर किती उमटते, हे त्यातून शोधतात.

सोमवारपर्यंत आणखी एक कुटुंब आणलं नाही, तर मॅडम दुसरा माणूस बघणार होत्या. म्हणून रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून मंद्रूप गाठलं. पेशंटच्या बायकोनं दवाखान्यात होकार दिलेला. पण ती गेलेली बाजाराला. दारात होते पेशंटचे थोरले भाऊ, आणि त्यांच्या मुलीला त्याच दिवशी बघायला येणार होते. मला हे कोण सांगणार?

"बर्री, बर्री पावणं, या, बसा. एकलेच आलाव?"

"हो, मी एकटाच फिरतो."

लगेच पोहे आले. मला वाटलं, संशोधनाला केवढा मान!

"मामा कुठले? आत्या कुठं दिल्या?" मी सुरू केलं.

"मामा दुधनीचे. आत्या मोहोळला." भराभर उत्तरं.

मी आवाज खाली आणला. "आणि मनाचा आजार कुणाला?"

त्यांचा घास तोंडातच राहिला. "आमच्यात? कुणालाबी न्हाय की."

धाकट्या भावाची फाइल माझ्या पिशवीत होती हो! पण आम्हाला शिकवलंय, लोक बुजले की आधी आपलं सांगावं.

"लाजू नका. आमच्या आजोबांना भास व्हायचे. काका दोनदा दवाखान्यात राहिले. आत्या महिना महिना अंथरूण सोडायची नाही. मला स्वतःला गोळ्या चालू आहेत." बोलता बोलता हात स्वस्थ बसेना, कोऱ्या फॉर्मवर आमच्याच घरचे चौकोन-गोल काढून काळे करत सुटलो.

तेवढ्यात साडी सावरत एक मुलगी चहाचा ट्रे घेऊन माझ्यापुढं येऊन उभी राहिली, नजर खाली. आत्ता कुठं मला त्या पोह्यांचा अर्थ कळला.

"पोरी, आत जा," भाऊ म्हणाले आणि मला हात जोडले. "पावणं, तुमी खरं सांगितलाव, लई बरं केलाव. पर एकच लेक हाय आमाला. न्हाय जमायचं."

"अहो, मी लाळ घ्यायला आलोय!"

हे वाक्य त्या घरात त्या क्षणी बोलायला नको होतं. चपला हातात घेऊनच स्टँड गाठलं. त्यांचं तरी काय चुकलं? घरातला आजार कळला की मुलीचं स्थळ जातं, हे त्यांना माझ्या फॉर्मपेक्षा चांगलं माहीत होतं. वाईट वाटलं मला.

सोमवारी मान खाली घालून मॅडमपुढं उभा राहिलो. त्यांनी फॉर्म ओढून घेतला आणि बघतच राहिल्या.

"तीन पिढ्या, काही म्हणजे काही लपवलेलं नाही. इतकं मोकळं कुटुंब आपल्याला मिळालंच नव्हतं. कोण हे?"

"आम्हीच, मॅडम."

त्यांनी शांतपणे नळी पुढं केली. नोकरी वाचली. पण दोन वर्षं गावोगाव "घाबरताय कशाला, नुसतं थुंकायचं तर असतं" म्हणत हिंडलेल्या माझ्या तोंडाला अशी कोरड पडली, की पाऊण तास झाला तरी नळी कोरडीच!