भिंतीवरचे चेहरे

खोकं उघडण्याआधी ते एकदा मागे वळून पाहायचे. मागे शाळेची भिंत, तरी पाहायचे. मग मला विचारायचे, "भाऊ, मांगं कोनी नाई ना?" मी कुऱ्हाड मांडीवर घेऊन पडवीच्या तोंडाशी बसलेला. भिंत हाय, म्हणायचो. तेव्हा कुठे खोक्याची चिकटपट्टी निघायची.

पोरं त्यांना चाचा म्हणत. रविवारी सकाळच्या बसने ते चंद्रपूरहून येत. खोक्यात पुठ्ठ्याचे कापलेले तुकडे असत. जोडून रंगवले की कंदील होई, घर होई, बैलगाडी होई. मोहाच्या दिवसांत आमच्या गावची मोठी माणसं पहाटेच फुलं वेचायला जातात, आणि आमच्या जंगलात वाघ आहे. मागे पोरं भटकू नयेत म्हणून कोण्या संस्थेने त्यांना धाडलं होतं. मी दुसरीपर्यंतच शिकलो, पण जन्मभर गावची गुरं राखली. म्हणून राखणीला मी. दुसऱ्या कोणाला ते जमलंही नसतं.

चाचांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मोहरमचे ताबूत बांधत आले. आधी कोरडं बसवून पाहा, मग गोंद लावा, एवढंच ते पोरांना सांगत. पण पोरांना घाई. एकजण रडत आला, चाचा, बैलगाडी चालत नाई. चाचांनी गाडी उलटी करून पाहिली. "चालन कशी बेटा, चाकं बी चिटकवले तू."

भित्रा माणूस. पान पडलं तरी दचके. मी एकदा म्हटलं, तुमच्या अंगावर आहे काय, वाघ खाऊन काय करेल? ते म्हणाले, "भाऊ, खाण्याचं नाई, मले त्याले पाहण्याचंच भेव हाय." पोरं हसली. मीही हसलो.

एका रविवारी मुखवटे आले. भिंतीवर टांगायचे, शोभेचे. पोरांनी गाल लाल केले, मिशा चिकटवल्या, आणि नाडी बांधून डोक्याच्या मागच्या बाजूला लावले. चाचांना गंमत वाटली. मग पोरांनीच सांगितलं, जंगलात मोठे असंच करतात, वाघ मागूनच झडप घालतो, मागे तोंड दिसलं की येत नाही. चाचांचं हसू गेलं. एकेक मुखवटा काढून घेतला आणि उंच खिळ्यांना टांगला. "हे भिंतीचं हाय. जंगलाचं नाई." मी वाद घातला. मी स्वतः तसा मुखवटा लावून हिंडलोय. माझं म्हणणं आजही तेच आहे. पण ते ऐकेनात. कागद हाय भाऊ, कागद, एवढंच म्हणत राहिले.

पुढच्या रविवारी माझी सून तापाने पडली होती. नाल्याकाठच्या आमच्या मोहाखाली फुलं तशीच पडून. चाचा पोरांना तुकडे वाटत होते, वाटता वाटता थांबले. भिंतीकडे पाहत होते. एक चेहरा कमी होता.

"भाऊ, तुमची नातीन कुठी हाय?"

घरी असेल, म्हटलं. त्यांनी मान हलवली. मला ती पडून राहिलेली फुलं आठवली आणि मी कुऱ्हाड उचलली. पोरांना खोलीत घालून त्यांनी कडी लावली, पोरांचा भात शिजवायला येणाऱ्या बाईला दारात बसवलं आणि माझ्या मागे निघाले. तुम्ही थांबा, म्हटलं. ते माझा सदरा धरून चालत राहिले.

नाल्यापाशी वानरं एकाच जागी पाहून खेकसत होती. चाचांनी विचारलं, "काऊन वरडून राह्यले?" वाघ दिसला की वानरं असं ओरडतात हे न सांगता मी कुऱ्हाड पुढे धरली.

पोर झाडाखाली उकिडवी बसून फुलं वेचत होती. पाठ आमच्याकडे. लाल गालांचा, मोठ्या मिशीचा तो चेहरा आमच्याकडे पाहून हसत होता. तिच्या पलीकडचं गवत हललं. वारा नव्हता.

मी हाक मारायला तोंड उघडलं. हाकेने पोर पळेल आणि पळणाऱ्या लहान जिवावर वाघ झेपावतो, हे मला ठाऊक, तरी उघडलं. चाचांनी माझा दंड दाबला. आणि पडवीत बोलत तशाच आवाजात म्हणाले, "बेटा, मिशी वाकडी लागली तुही. हळू इकडं ये. गोंद ओला हाय, धरून चाल."

पोर रुसली. पण दोन्ही हातांनी डोक्यामागचा मुखवटा धरून, पावलं मोजल्यासारखी टाकत आली. जवळ येताच चाचांनी तिला उचललं आणि आम्ही गवताकडे तोंड ठेवून उलट पावली मागे सरलो. पांदणीच्या वाटेला लागल्यावर ते खाली बसले आणि ओकले.

मग माणसं डबे वाजवत गेली. आमच्या झाडाजवळ, खाटेच्या लांबीवर, गवत दबलेलं होतं. नाल्याच्या ओल्या मातीत पंजा होता.

चाचांनी सगळे चेहरे उतरवून खोक्यात भरले. दुपारच्या बसने गेले ते परत आले नाहीत. लग्नाचे मंडप सजवतात म्हणे, चंद्रपुरातच, दिव्यांच्या उजेडात. मी निरोप धाडला, कुऱ्हाडीला नवी धार लावलीय, या.

नातीला आम्ही काही सांगितलं नाही. तिचा चाचांवर अजून राग आहे. मिशी सरळच होती, ते खोटं बोलले, म्हणते. मी ऐकून घेतो. पण ती अंगणात उकिडवी बसून भांडी घासत असली, पाठ माझ्याकडे असली, की मला बसवत नाही. पाणी दे, म्हणतो. विडी कुठं ठेवली, म्हणतो. काहीही म्हणतो, आणि ती वळून तोंड दाखवेपर्यंत तिच्या पलीकडच्या कुंपणावरून नजर काढत नाही.