मेव्हणी येते त्या दिवशी

कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकवायचो. दर वर्षी मुलांना बजावायचो, दोन गोष्टी जोडीनं आल्या म्हणून एकीमुळं दुसरी झाली असं समजू नका. पावसाळ्यात छत्र्या दिसतात, बेडूकही दिसतात. म्हणून छत्रीतून बेडूक पडत नाहीत. मुलं हसायची. निवृत्त झालो आणि हे शहाणपण कॉलेजातच विसरून आलो.

बायकोचं बीपी वाढलं. डॉक्टरांनी रोज संध्याकाळी मोजून लिहायला सांगितलं. मशीन मी लावायचो, वहीही माझीच. महिनाभरानं पानं चाळली आणि कान टवकारले. दर चार-पाच दिवसांनी आकडा उसळत होता, आणि नेमकी त्याच दिवशी मंद्रूपहून तिची धाकटी बहीण आलेली असायची. त्या तारखांना मी लाल गोल केले.

मग मेव्हणीवर पाळत सुरू. तिची शेंगाचटणी खारट तर नाही? डबा लपवून पाहिला. तरी आकडा वरच. ती बहिणीच्या कानात काय भरवते? मला पाहिलं की दोघी गप्प का होतात? पाणी मुरत होतं, माझी खात्रीच झाली.

एकदा तिला जिन्यात गाठलं. "एवढ्या उन्हात सारखी कशाला येतेस? ताईला जरा विश्रांती मिळू दे."

"बरं दाजी. न्हाय येत," ती म्हणाली आणि गेली. खरं सांगतो, मला जिंकल्यासारखं वाटलं.

पाच दिवसांनी संध्याकाळी मशीन लावलं. एवढा मोठा आकडा वहीत कधीच नव्हता. मी घाबरलो.

"आज तर ती आलीही नाही!"

"तेच की," बायको म्हणाली. "दुपारी नळ आला हुता. पाणी येणार म्हटलं की मी तिला फोन करायची. निम्म्या घागरी ती जिन्यानं वर आणायची. आज समद्या मीच आणल्या."

आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसांनी येतं. नळ खाली, आम्ही वरच्या मजल्यावर. हे मला काय ठाऊक नव्हतं?

मला फार लाज वाटली. वही पुन्हा उघडली. प्रत्येक लाल गोलाच्या दिवशी घरात आणखी एक माणूस होता. घागरी वर येईपर्यंत तो आतल्या खोलीत पंखा लावून झोपलेला असायचा.