फुल ब्राइटनेस, चौसष्ट टक्के

आधीच सांगते, मी या ग्रुपवर गोष्टी वाचायला येते, विश्वास ठेवायला नाही. आमच्या घरात देव्हारा नाही, अंगारा नाही, दाराला लिंबू-मिरची नाही. आम्ही बौद्ध. अप्पा हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात हातगाडी ओढायचे. सही सोडून त्यांना काही लिहिता येत नाही, पण कुणी 'बाहेरचं झालंय' म्हणालं की ते एकच विचारतात, "बाहेरचं म्हणजे कुठलं? पत्ता सांग, जाऊन बघू."

त्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट. बी.एस्सी., फिजिक्स. हुबळीहून रोज बसला लोंबकळत धारवाडला जाऊन केलेलं. हे मिरवायला लिहीत नाही... बरं, थोडं मिरवायलाच लिहितेय. आता कोप्पीकर रोडवरच्या एका ऑफिसात नोकरी करते आणि केशवापूरच्या मागच्या अंगाला भाड्याच्या दोन खोल्यांत अप्पांना घेऊन राहते. हे सगळं सांगायचं कारण एवढंच की खाली जे लिहिलंय ते एका शिकलेल्या बाईनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. अंधश्रद्धाळू वगैरे म्हणायचं असेल तर दुसरं कुणीतरी शोधा.

माझी मोठी बहीण रत्नाअक्का. दहावी झाली आणि तिला अळणावरकडच्या एका खेड्यात दिली. दाजी टेम्पो चालवतात. दारू नाही, जुगार नाही, मारहाण नाही — म्हणजे आमच्या नातेवाइकांच्या भाषेत 'सोन्यासारखा माणूस'.

या सोन्यासारख्या माणसाची एक पद्धत होती. सकाळी टेम्पो काढण्याआधी अक्काचा फोन हातात घ्यायचा, बॅटरीचे टक्के बघायचे आणि मोठ्यानं म्हणायचं, "सत्तर." मग चार्जर खिशात घालून निघायचं. संध्याकाळी आल्यावर पायातली चप्पल काढायच्या आधी परत फोन.

"सत्तर ठेवून गेलतो. तीस हाय. चाळीस कुठं गेलं?"

"अप्पांशी बोलले."

"अप्पांशी चाळीस टक्के? अप्पा काय भाषण करतात काय?"

एका लग्नात त्यांनी हे मला हसत हसत, कौतुकानं सांगितलं होतं. "कॉल पुसता येतंय, मेसेज पुसता येतंय. बॅटरी पुसून दाखव म्हणावं! काय गं, तुझ्या फिजिक्समधी हाय काय असलं?" भोवतीची माणसं हसली. मी पण हसले असेन. लग्नात काय करणार.

तुम्ही म्हणाल, दुसरा चार्जर ठेवायचा. मीही तेच म्हटलं होतं. अक्का म्हणाली, "कुठं ठेवू? सासूबाई पिठाच्या डब्यात पण हात घालून बघतात." शेजारी जाऊन चार्ज केला असता तर सांगायला सासूबाई होत्याच.

आता मुख्य गोष्ट. अक्काला पीयूसीची, म्हणजे बारावीची, परीक्षा बाहेरून द्यायची होती. त्यांच्या गावात अंगणवाडीची जागा सुटणार होती आणि त्याला बारावी लागत होती. पुस्तकं घरात ठेवायची सोय नाही, क्लास तर लांबच. फोनवर कन्नडमधून सगळे धडे मिळतात, फुकट. डेटा मी इथून भरायचे. म्हणजे अडत कुठं होतं? फक्त दाजींच्या टक्क्यांत.

मग मी तिला फोनवरून शिकवलं. "अक्का, फोनमध्ये सगळ्यात जास्त बॅटरी पडदा खातो. ब्राइटनेसची पट्टी पार डावीकडं ओढ. ऑटो ब्राइटनेस बंद कर, नाहीतर उजेडात तो आपलं आपण वाढवतो. लोकेशन बंद, व्हायब्रेशन बंद." डार्क मोडचा उपयोग नव्हता. तो फोन साध्या एलसीडी पडद्याचा, त्यात चित्र काळं असलं तरी मागचा दिवा जळतच असतो.

सासूबाई मजुरीला गेल्या की अक्का स्वयंपाकघराचं दार लोटून, दिवा न लावता बसायची, कारण उजेडात तो मंद पडदा दिसायचाच नाही. डोळ्यांतून पाणी यायचं. आणि इतकं करून एखादा धडा झाला की थांबायचं, कारण त्यापुढं गेलं की संध्याकाळी जाब. माझ्या बहिणीनं दिवसाला किती शिकायचं ते टेम्पो चालवणारा एक माणूस टक्क्यांत ठरवत होता.

फोन मुळात आईचा. माझ्या पहिल्या पगारातून घेतलेला. आईला मोतीबिंदू होता, त्यामुळं तिचा ब्राइटनेस कायम फुल. "उजेड कर गं त्याला, माणसाचं तोंड तरी दिसू दे," म्हणायची. आई गेली, आणि तो फोन अक्कानं मागून घेतला. एवढंच. यात मी काही सुचवत नाही, जे आहे ते लिहितेय.

जानेवारीत एका दुपारी मला ऑफिसात अक्काचा फोन आला. आवाज दबका.

"सुजे, ह्याचा उजेड आपोआप वाढालाय गं."

"ऑटो चालू राहिलं असेल. बंद कर."

"बंदच हाय. मी खाली ओढते, धडा चालू करते, की हळूहळू वर चढतंय. फुल होतंय."

"मग संध्याकाळी काय सांगितलंस? बॅटरी गेली असणार की सगळी."

तिनं आवाज आणखी खाली आणला. मग म्हणाली, "तेच सांगायला फोन केला. उतरतच नाही."

मी तिला समजावलं की बॅटरी जुनी झाली की टक्के चुकीचे दिसतात. सत्तर दाखवत राहील आणि एकदम बंद पडेल. हे खरंच होतं, कुठल्याही रिपेअरवाल्याला विचारा. मी वाट बघत राहिले की आज बंद पडेल, उद्या पडेल. तो पडला नाही. अक्कानं सेटिंगमधलं बॅटरीचं पान फोटो काढून पाठवलं. सकाळपासून दुपारपर्यंत पडदा जवळपास सतत चालू, आणि वरची बॅटरीची रेघ आडवी. पाटीवर फूटपट्टी ठेवून ओढावी तशी.

मला राग आला. खरंच सांगते, भीती नाही वाटली, राग आला. पदवी घेतली ती काय भिंतीला टांगायला? रविवारी दाजी भाडं घेऊन कारवारकडं गेले होते, सासूबाई शेतावर. मी सकाळची बस धरली आणि गेले.

स्वयंपाकघरात आम्ही दोघीच. फोन मी हातात घेतला. चौसष्ट टक्के. सेटिंग स्वतः तपासली, ऑटो बंद. पट्टी पार डावीकडं ओढली, पडदा काळपट झाला. अक्कानं अर्थशास्त्राचा धडा लावला. फोन पाटाला टेकवून उभा केला आणि आम्ही दोघींनी हात मागं घेतले.

चढला. कुणीतरी कंदिलाची वात सावकाश वर करावी तसा तो पडदा उजळत गेला आणि अक्काचं तोंड मला लख्ख दिसलं. किती वाळली होती ते मला तेव्हा कळलं.

मी परत खाली ओढला. परत चढला. मग मी नाद सोडला आणि बसून राहिले. धडे झाले, मधे चहा झाला, परत धडे. चौसष्ट. मी फोन उचलला आणि मागून हात लावला. फुल ब्राइटनेसवर इतका वेळ व्हिडिओ चालला की फोन तापतो, तापायलाच पाहिजे. वीज खर्च झाली की उष्णता होते, हे नववीच्या पुस्तकात आहे. तो फोन गार होता. माठाला हात लावल्यासारखा गार.

"सुजे," अक्का हळूच म्हणाली, "तुला वाटतं काय की आई—"

"असलं काही बोलू नकोस," मी म्हटलं. "कारण असतं प्रत्येक गोष्टीला. सापडेल."

"सापडू दे की मग. परीक्षा झाल्यावर सापडू दे." आणि हसली. तिला तसं हसताना मी लग्नानंतर पहिल्यांदाच बघत होते.

इथं गोष्ट संपली असती तर मी ही पोस्ट आनंदानं लिहिली असती.

दाजींना आधी बरं वाटलं. बायको सुधारली. मग काही दिवसांनी सकाळी चौसष्ट, संध्याकाळी चौसष्ट हे त्यांना टोचायला लागलं.

"दिवसभर फोनला हात लावला नाहीस?"

"नाही."

"अप्पांशी बोलली नाहीस? बहिणीशी? कुणाशीच नाही?"

"नाही."

"मग बोलालीस कशावर?"

विचार करा. बॅटरी उतरली तर कुणाशी बोललीस. नाही उतरली तर दुसरा फोन कुठाय. त्यांनी घर पालथं घातलं. ट्रंक उलटी केली, तांदळाचा डबा जमिनीवर ओतला, गॅसच्या सिलिंडरमागं टॉर्च मारून बघितलं. सासूबाई दारात उभ्या राहून, "मी म्हणतच होते," म्हणत होत्या. दुसरा फोन मिळेना, तेव्हा हा भिंतीवर आपटला. काच तडकली. फोन चालूच राहिला, तसाच लख्ख. अक्कानं तो उचलला, पिशवीत घातला आणि दुपारच्या बसनं हुबळीला आली.

पुढच्या आठवड्यात समाजाच्या हॉलमध्ये बैठक. हॉल तोच, जिथं दर वर्षी जयंतीला शिक्षणाचं महत्त्व या विषयावर माइक फुटेपर्यंत भाषणं होतात. वडीलधारी मंडळी खुर्च्यांवर, आम्ही सतरंजीवर. दाजींनी सगळं सांगितलं, टक्क्यांसकट. मंडळींनी काय करावं? फोन मागितला.

"बघू, बघू. कुठल्या कंपनीचा?"

"अजून चौसष्टच दाखवतोय की! आमच्या पोराला असलीच बॅटरी पाहिजे बघा. दोन तासांत बोंबलतो त्याचा."

हातोहात फिरत होता फोन. बायकोचा हिशोब टक्क्यांत ठेवायचा हक्क तुम्हाला कुणी दिला, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. मी विचारलं. "तू लहान आहेस, थांब जरा," म्हणाले. ग्रॅज्युएट आहे, लहान नाही, म्हटलं. तेही कुणी ऐकलं नाही.

शेवटी मधल्या खुर्चीवरच्या काकांनी अक्काकडं बघितलं. "बाळ, घाबरू नकोस. खरं ते सांग. दिवसभर दार लावून काय करत होतीस?"

"अभ्यास," अक्का म्हणाली.

हॉल हसला. वाईट हसू नव्हतं ते, मायेचंच होतं, लहान मुलानं काही थाप मारली की हसतात तसं. दाजी तर मान हलवत हसले. आणि काकांनी तोडगा काढला — पोरीला साधा बटनांचा फोन द्यावा, विषय संपला. परीक्षा काय, पुढच्या वर्षी पण असते.

"चालेल," दाजी म्हणाले. "चार्जर मात्र माझ्याकडं."

फोन तेव्हा त्या काकांच्याच हातात होता. तो विझला. चौसष्टवरून एकदम अंधार. त्यांनी बटन दाबलं, हलवला, तळहातावर आपटला. काही नाही.

अप्पा माझ्याशेजारीच सतरंजीवर बसले होते. ते उठले, काकांच्या हातातून फोन काढून घेतला आणि म्हणाले, "रत्ना, पिशवी घे. चल."

दुसऱ्या दिवशी मी तो कोप्पीकर रोडवरच्या एका रिपेअरवाल्याकडं नेला. त्यानं मागचं झाकण काढलं. आतली बॅटरी उशीसारखी फुगलेली. "इदु सत्त होगेत्रि मॅडम," म्हणाला, मेलीय ही. कधीपासून, विचारलं. खांदे उडवले त्यानं. महिने झाले असतील, म्हणाला. काल चालू होता, म्हटलं. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली. नवी बॅटरी घातली. फोन आता साध्या फोनसारखा चालतो. ब्राइटनेस खाली ओढला की खालीच राहतो, फुल ठेवला की तापतो आणि उतरतो. मी किती वेळा करून बघितलं ते सांगत नाही.

अक्का परत गेली नाही. माझ्या फोनवरून राहिलेले धडे केले, परीक्षा दिली, पास झाली. अंगणवाडीची जागा त्या गावातली होती, त्यामुळं ती नोकरी हातची गेलीच. आता दुर्गदबैलात एका कापडाच्या दुकानात हिशोब बघते.

तिकडं गावात मात्र वेगळीच गोष्ट फिरते. सासूबाई सांगतात की सून भानामती करायची, फोनमध्ये मेलेल्या आईला बसवलं होतं. लोकांना ते लगेच पटलंय. आमचीच माणसं ही, दाराला लिंबू न बांधणारी. लग्नकार्यात भेटली की माझ्या कानाशी लागून विचारतात, "खरंच काय गं, तुझी आई यायची त्यात?" आईबद्दल विचारतात, बॅटरीबद्दल विचारतात. बारावीचा निकाल कुणीही विचारलेला नाही.

तर, मला अजून कारण सापडलेलं नाही. बिघडलेल्या सेन्सरपासून चुकीच्या रीडिंगपर्यंत सगळं तपासून झालंय, काहीच बसत नाही. गार फोनचं तर नाहीच नाही. इथं इंजिनीअर मंडळी आहेत, कुणाला सुचत असेल तर जरूर लिहा, मी वाचेन आणि पटलं तर मान्य करेन.

फक्त कमेंटमध्ये एक विचारू नका, जे हॉलमध्ये विचारलं ते... की ताई, तुमची बहीण दिवसभर दार लावून खरंच अभ्यासच करत होती का. या सगळ्यात तेवढ्या एकाच गोष्टीला स्पष्टीकरण लागत नाही.