चाकाची रँक

बेअरिंगमधून भज्यांचा वास येत होता.

मी चाक पुन्हा नाकाशी नेलं. वास भज्यांचाच. समोर उभ्या असलेल्या रामप्रसाद सरांना विचारलं, "सर, ह्यात काय घातलंत?"

"करडीचं तेल," सर अभिमानाने म्हणाले. "घाण्यावरचं हाय, मॅडम. रिफाइंड नाही वापरलं."

त्यांची अकरा वर्षांची मुलगी ईश्वरी माझ्या मागे उभी राहून स्वतःच्या नाड्यांकडे बघत होती. वडिलांनी चारचौघांत असं काही केलं की ती नाड्यांकडे बघते.

मी परभणीतल्या एका शाळेत स्केटिंग शिकवते. ट्रॅक नाही. शाळेच्या बसगाड्या निघून गेल्या की त्यांच्या जागेवरचं सिमेंट आमचं. पालक पोरांना माझ्याकडे पाठवतात ते दोन कारणांनी. एक, पोरगं तासभर मोबाइल सोडतं. दुसरं, पुढेमागे खेळाचे वाढीव मार्क मिळतात. खेळ म्हणजे मार्कांकडे जाणारा बायपास, अशी आमच्याकडे पक्की समजूत आहे.

रामप्रसाद सरांचे तर स्वतःचेच डॉक्टर घडवायचे क्लासेस. त्यांनी घरात जाहीर करून टाकलं होतं: यंदा जिल्ह्यातून विभागासाठी निवड झाली तर स्केटिंग चालू. नाही तर ईश्वरी फाउंडेशन बॅचला. बॅच संध्याकाळची, स्केटिंगही संध्याकाळचं. म्हणजे स्केट्स माळ्यावर. ईश्वरीने हे मला सांगितलं तेव्हा ती रडत नव्हती, पण तिने त्या दिवशी घरी जायला मुद्दाम उशीर केला.

आणि स्पर्धा तोंडावर आलेली असताना तिच्या स्केट्सची ही दशा. इनलाइन स्केट म्हणजे बुटाखाली एका रांगेत चार चाकं, आणि प्रत्येक चाकात दोन बेअरिंग. चाकं आतल्या बाजूने झिजून वापरलेल्या साबणासारखी तिरकी झाली होती. बेअरिंगमध्ये करडीचं तेल. करडीचं तेल कढईत उत्तम. बेअरिंगमध्ये ते काही दिवसांनी चिकट होतं, मग त्यात मैदानाची काळी धूळ बसते, वरून कापसाचे तंतू गुंडाळले जातात. आमच्याकडे कापसाच्या गाड्या सुरू झाल्या की हे तंतू रस्ताभर उडतात. धुऊन काही उपयोग नव्हता. दोन्ही नवीन घ्यावी लागणार होती.

"चाकं ब्याऐंशी एची मागवू," मी म्हणाले.

हा आकडा म्हणजे चाकाचा कडकपणा. 'ए' हे नुसतं मोजपट्टीचं नाव. आकडा जितका मोठा तितकं चाक कडक. कडक चाक लवकर झिजत नाही आणि चांगल्या ट्रॅकवर जोरात पळतं. पण हलकं पोर गुळगुळीत फरशीवर असेल तर कडक चाक पकडच घेत नाही. तिथे थोडं मऊ चाक लागतं. चाकाची उंची किती घ्यायची हे मात्र स्केटची फ्रेम ठरवते. तिथे पालकांचं काही चालत नाही, देवाची कृपा.

"ब्याऐंशी?" सरांचा चेहरा निकाल लागल्यासारखा पडला. "नव्वदचीबी मिळतात की. मी व्हिडिओत बघितली. आपण ब्याऐंशीवर कामून थांबायचं?"

"सर, ते मार्क नाहीत."

"मार्क नाहीत ते कळतं मला. पण मॅडम, शेवटी ब्याऐंशी ते ब्याऐंशी अन् नव्वद ते नव्वद."

मी विषय बेअरिंगवर नेला. तो आगीतून फुफाट्यात गेला. बेअरिंगला 'एबेक' नावाचा आकडा असतो. एक, तीन, पाच, सात, नऊ. बेअरिंग किती काटेकोर घडवलंय, एवढंच तो सांगतो. तो कारखान्यातल्या भन्नाट वेगाने फिरणाऱ्या यंत्रांसाठी काढलेला. ईश्वरी त्या वेगाने फिरायला लागली तर तिला मैदान नाही, धावपट्टी लागेल. आमच्या मैदानावर आकड्यापेक्षा बेअरिंग स्वच्छ ठेवणं महत्त्वाचं.

"पाच पुरे," मी म्हणाले.

"काठावर पास!" सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते कुठून तरी नऊ नंबरची बेअरिंग आणि नव्वदची चाकं घेऊनच आले. एक चाक हवेत धरून बोटाने गर्रकन फिरवलं आणि मोबाइलवर वेळ लावली. मीही माझ्याकडचं पाच नंबरचं नवीन बेअरिंग घातलेलं चाक फिरवलं. ते त्याच्या आधीच थांबलं.

"बगा, तुमचं नापास झालं."

"सर, माझ्या बेअरिंगमध्ये घट्ट ग्रीस आहे. हवेत लवकर थांबणारच. ईश्वरीला वर उभी करा आणि मग वेळ मोजा."

"तुमी आता कारणं सांगायलात," सर म्हणाले. त्यांच्या क्लासमध्ये हे वाक्य रोज वापरात असणार, इतकं ते सहज आलं.

संध्याकाळी संस्थेच्या सचिवांनी केबिनमध्ये बोलावलं. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. अण्णांनी चहा मागवला, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"मॅडम, पालकांची तक्रार हाय. तुमी आपल्या पोरांना कमी मार्काची चाकं द्यायलात."

"अण्णा, चाकांना मार्क नसतात."

"नसू द्या. पण शाळेची इज्जत हाय ना? बाकीच्या शाळेची पोरं नव्वदवर पळायलीत, अन् आपली ब्याऐंशीवर?"

मी म्हणाले, "स्पर्धा मंगल कार्यालयात आहे. मी बघून आले. फरशीत तोंड दिसतं. तिथे कडक चाक घसरेल."

"तोंड दिसतं म्हणजे फरशी चांगली हाय," अण्णा म्हणाले. चहा आला. विषय संपला.

मग ईश्वरीला त्या नव्वदच्या चाकांवर शाळेच्या नव्या, गुळगुळीत फरशीच्या व्हरांड्यात फिरवून बघितलं. सर हजर होते. पहिल्याच वळणावर पोरगी आडवी. कोपर सोललं. ती उठली आणि हळूच म्हणाली, "पप्पा, घसरायलंय."

"घसरणं मनात असतं, बेटा," सर म्हणाले. "चाकात नसतं."

मला इतका संताप आला की मी दोन मिनिटं भिंतीवरचा सुविचार वाचत उभी राहिले. खरं सांगून झालं होतं. दाखवून झालं होतं. पोरगी पडूनही झाली होती. आणि मग मला एकदम कळलं की मी चुकीच्या भाषेत बोलतेय.

"सर," मी आवाज खाली आणला, "एक गोष्ट सांगायची राहिली. तो आकडा मार्कांचा नाही. रँकचा आहे."

सर थबकले. "रँक?"

"ऑल इंडिया."

"म्हणजे ब्याऐंशी..."

"नव्वदच्या आठ पुढे."

सरांनी डोळे मिटून हिशोब केला. "अन् बेअरिंग?"

"तिथेही रँकच. नऊच्या आधी पाच येतो."

"अहो मॅडम, मग आधी कामून नाही सांगितलं? मी लेकराला नव्वदाव्या रँकवर पळवायलो होतो!" त्यांनी स्वतः खाली बसून ती चाकं काढायला घेतली. मग मान वर करून म्हणाले, "अठ्ठ्याहत्तर नाही का मिळायची?"

"तिचं कटऑफ वेगळं असतं, सर."

हे त्यांना लगेच पटलं. खोटं बोलताना माझी जीभ जराही अडखळली नाही. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्या कार्यालयात लग्न होतं. झाडून घेतलं होतं, पण आपल्याकडच्या अक्षता ज्वारीच्या, गोल गोल. कोपऱ्याकोपऱ्यात पिवळे दाणे पडलेले. वरच्या मजल्यावर पुढच्या लग्नाचे लाडू वळले जात होते आणि खाली पोरी रांगेत उभ्या. शिट्टी झाली. पहिल्याच वळणावर दोघी घसरून खुर्च्यांच्या ढिगात गेल्या. बाकीच्यांनी धसका घेतला आणि वळण आलं की ताठ उभं राहून पावलं टाकायला लागल्या. ईश्वरी तेवढी वाकून वळत होती. एकदा दाण्यांवरून तिचा पाय सटकला, पण चाकाने पुन्हा फरशी धरली. ती दुसरी आली. विभागासाठी दोघींचीच निवड होती.

मला रडू येत होतं, म्हणून मी उगीच पाण्याच्या बाटल्या गोळा करत फिरले. सर मोबाइलवर कुणाला तरी ओरडून सांगत होते, "रँकचा विषय हाय हो हा! लोक मार्क समजायलेत!"

सोमवारी मैदानावर पालकांची रांग लागली. प्रत्येकाला शेजाऱ्यापेक्षा कमी आकड्याचं चाक हवं होतं. परवापर्यंत नव्वदच्या खाली न उतरणाऱ्या बाई सत्तरवर अडून बसल्या. अण्णांनी पुन्हा चहा मागवला.

"मॅडम, शाळेसाठी डायरेक्ट एक नंबरची मागवा. रँक एक."

"अण्णा, एक नंबरचं चाक चमच्याने खावं लागेल."

"पुण्यात मिळत असंल की," अण्णा म्हणाले.

त्या संध्याकाळी ईश्वरी माझ्याजवळ बसून चाकांचे बोल्ट आवळत होती. बोलता बोलता तिने चाकात नख रुतवलं.

"मॅडम, ही रँक नसतीच ना? हे नुसतं मऊ हाय. पप्पांच्या चाकात नख जात नव्हतं."

मी विचारलं, "पप्पांना सांगितलंस?"

"नाही. तुमीबी सांगू नका." तिने बोल्ट आणखी एक फेरा आवळला. "माझी दहावी होईपर्यंत तरी."

मी शब्द दिला. चाक निवडताना पोराचं वजन बघावं, फरशी बघावी, आणि पालकांना काय सांगायचं ते आधी पोरालाच विचारून घ्यावं.