डेन्झिलनं उंट का खेळवला

डेन्झिल हफर्डनं सेमीफायनल विकली, अशी कुजबुज आमच्या बस गॅरेजमध्ये अर्धा एप्रिल चालू होती. पैशांना विकली असं कुणी म्हणत नव्हतं, कारण पैशांचं करायचं काय हे डेन्झिलला कधीच कळलेलं नाही. विकली ती नऊ नंबरच्या रूटला, असं म्हणत. कुजबुज कॉफीच्या मशीनपाशी जन्मली, डिझेलच्या पंपापाशी तिनं बाळसं धरलं आणि दोन रविवारांत ती मेथडिस्ट चर्चच्या तळघरात आपल्या पायांनी चालत गेली. तिला चालायला शिकवणाऱ्यांत मीही होतो. खोटं कशाला बोलू?

डेन्झिल म्हणजे सहा फूट दोन इंच, खांद्यात वाकलेला, वय सहासष्ट. चाळीस वर्षं शाळेची पिवळी बस चालवतोय. बोलणं इतकं बेताचं की त्याच्या दोन वाक्यांच्या मध्ये बस एक थांबा पुढे जाते. आणि नियमाचा असा पक्का की काही विचारू नका. रेल्वे फाटकापाशी शाळेची बस थांबवायची, दार उघडायचं, कान द्यायचा आणि मगच पुढे जायचं, असा नियम आहे. गिरणीजवळच्या फाटकातले रूळ बारा वर्षांपूर्वी उपटून नेले. डेन्झिल तिथं अजून थांबतो, दार उघडतो, कान देतो. मागच्या गाड्या भोंगे वाजवतात. तो ऐकतो ते आगगाडीसाठी, भोंग्यांसाठी नव्हे.

आमची बास्केटबॉलची फॅन्टसी लीग त्यानंच काढली. सकाळची फेरी साडेआठला संपते, दुपारची अडीचला सुटते. मधले सहा तास माणसानं डोनट तरी किती खायचे? दहा ड्रायव्हर, दहा कागदी संघ. ऑक्टोबरात खऱ्या खेळाडूंची वाटणी करायची. मग तुमच्या वाट्याच्या गड्यानं खऱ्या कोर्टवर जे काही केलं, त्याचे गुण तुम्हाला. अट एकच, त्या दिवशी तो तुमच्या संघात ‘आत’ हवा. बाकावर बसवलात आणि त्यानं पन्नास गुण मारले, तर ते तुमच्या कपाळात, खात्यात नाहीत. संध्याकाळी सहाला संघांना कुलूप. कुलपाची किल्ली कमिशनरकडे, म्हणजे डेन्झिलकडे. त्याला कुणाचाही संघ उघडता येतो. पण नियमावलीत त्यानंच पहिलं वाक्य लिहून ठेवलंय, दुसऱ्याच्या संघाला हात लावायचा नाही.

ड्रायव्हरांच्या खोलीत भिंतीवर एक लाल अष्टकोनी पाटी आहे. बस थांबली की बाजूनं हातासारखी बाहेर येते ना, तीच. डेन्झिलच्या पहिल्या बसची. दरवर्षी जिंकणाऱ्याचं नाव तो तिच्यावर बारीक ब्रशनं रंगवतो, अक्षर असं की चर्चची पाटीही त्याच्याकडूनच करून घेतात. चौदा वर्षांची चौदा नावं झाली होती. हार्लनचं तीनदा, ट्वायलाचं दोनदा, एकदा माझंसुद्धा. ते कसं, ते विचारू नका. डेन्झिलचं एकदाही नाही. आणि पहिल्याच वर्षी पट्टी लावून त्यानं रेघा आखल्या होत्या त्या पंधराच. यंदा एकच रेघ उरली होती.

“भरली तर दुसरी पाटी आणू,” हार्लन म्हणाला होता.

“दुसरी माझ्या बसची नसेल,” डेन्झिल म्हणाला. त्या महिन्यातलं त्याचं ते सर्वात लांब वाक्य.

तर मार्चमध्ये सेमीफायनलला समोरासमोर आले डेन्झिल आणि गेलन स्टकी. गेलन म्हणजे नऊ नंबरच्या रूटचा मालक. मालकच म्हणायचं, तेवीस वर्षं तो रूट त्यानं कुणाला हुंगू दिला नव्हता. सगळ्यात छोटी फेरी, निम्मी तलावाकाठून. बसमध्ये सीटमागे गळ ठेवलेला, फेरी संपली की चारला गळ पाण्यात. तिथल्या अरुंद पुलावर बसच्या आरशांना दोन्हीकडे वीतभरच जागा राहते, तेवढीच काय ती मेख. शिवाय गेलन बोलका. डेन्झिल वर्षभरात बोलतो तेवढं गेलन न्याहारीला बोलायचा.

सोमवारी दुपारी फेरी संपवून गेलननं बस लावली, पायरीवर बसला आणि छाती धरली. मंगळवारी सकाळी इस्पितळात त्याचं काळीज उघडून शिवलं.

 बुधवारी सकाळी खोलीत हार्लननं कॉम्प्युटरवर गुण उघडले. डेन्झिल एकसष्ट गुणांनी पुढे. रविवारपर्यंतचे सामने बाकी.

“संपलं,” हार्लन म्हणाला. “ब्रश भिजत घाल, डेन्झिल.”

“कसलं संपलं?” ट्वायला म्हणाली. ट्वायला बीझली चौदा नंबर चालवते आणि तोंड चौदा जणांचं चालवते. “गेलनचा उंट आज परततोय. तीन सामने आहेत त्याचे. उंट आत घेतला तर गेलन चाळीसनं जिंकतो.”

उंट हे आमचं ठेवलेलं नाव. सात फुटी गडी, मान पुढे काढून पळणारा. फेब्रुवारीत घोटा मुरगळून बसला होता, म्हणून गेलननं त्याला बाकावर ठेवलेला आणि त्याच्या जागी न्हावी, म्हणजे केसांची दर सामन्याला नवी तऱ्हा करणारा एक पोरगेला. न्हाव्याचा त्या आठवड्यात एकच सामना उरला होता.

“घेतला तर ना,” हार्लन म्हणाला. “घेणार कोण? गेलनच्या नाकात नळी आहे.”

“डेन्झिलकडे किल्ली आहे.”

“नियम आहे, बाई.”

“आजारी माणसाला कसला नियम? लोरीनला फोन करा, गेलनला विचारा म्हणावं.”

“काल मी केला होता,” मी म्हणालो. लोरीन गेलनची बायको. “ती म्हणाली, पुन्हा बास्केटबॉलचं नाव काढलंत तर पुढची खाट तुमची.”

हार्लन हसला. डेन्झिल हसला नाही. कॉफीच्या कपाकडे बघत बसला होता.

“आणि समजा गेलन ठणठणीत असता,” हार्लन म्हणाला, “तरी त्यानं उंट घेतला असता कशावरून? गेल्या वर्षी अशाच बाद फेरीत, प्लेऑफला, दुसऱ्याच मिनिटाला उंट लंगडत बाहेर गेला, तेव्हा ह्याच खोलीत ह्याच टीव्हीवर डोनट फेकून गेलननं शपथ घेतली होती. मरेन, पण प्लेऑफला उंट खेळवणार नाही. डाग आहे बघ अजून.”

“आणि ऑक्टोबरात पहिला उचलला तो कुणाला? उंटालाच. गेलननं सिगारेटची शपथ किती वेळा घेतली ते लोरीनला विचार.”

“तुला फायनलला डेन्झिल नकोय. खाटेवरचा माणूस हवाय. सरळ सांग ना.” दुसऱ्या सेमीफायनलातून ट्वायला फायनलात पोचल्यातच जमा होती, हे खरंच.

“हार्लन, तुझ्या तोंडाला डिझेलचा वास येतो, तू गप्प बस. डेन्झिल, तू सांग. गेलननं उंट घेतला असता की नाही?”

सगळ्यांनी माना वळवल्या. डेन्झिलनं कप खाली ठेवला.

“मला माहीत नाही,” तो म्हणाला. “अंदाजानं लावला, तर तो संघ त्याचा राहत नाही.”

झालं.  आणि मी पैज मारून सांगतो, त्या क्षणी खोलीतल्या प्रत्येकानं पाटीवरच्या शेवटच्या रेघेकडे पाहिलं. डेन्झिल सोडून.

त्या आठवड्यात नऊ नंबर डेन्झिलच चालवत होता. बदली ड्रायव्हरच्या हाती तो अरुंद पूल द्यायला गॅरेजचा साहेब तयार नव्हता, म्हणून डेन्झिलचा रूट बदलीला आणि गेलनची बस डेन्झिलला. बुधवारी दुपारी तो ती घेऊन गेला. पावणेचारला परत यायला हवा होता. चार वाजले. सव्वाचारला बस आवारात आली, जागेवर लागली, इंजिन बंद झालं. माणूस उतरेना. मी खिडकीशी कप धूत होतो. म्हणजे कप धुऊन झाला होता, पण धूत होतो. काचेतून डेन्झिल दिसत होता. स्टिअरिंगवर दोन्ही हात, दार बंद, समोर बघतोय. तासभर. एकदा मला वाटलं, ह्याचंही काळीज गेलं की काय. मी दारापर्यंत गेलो, तेवढ्यात त्यानं डोकं खाजवलं, मी परत आलो.

साडेपाचला तो खोलीत आला. माझ्याकडे पाहिलं नाही. कॉम्प्युटरपुढे बसला आणि त्या जाड बोटांनी एकेक कळ दाबायला लागला. घड्याळात सहाला वीस मिनिटं कमी होती.

“काय चाललंय?” मी विचारलं.

“काम.”

उठला, टोपी घातली, गेला. मी खुर्ची गार होऊ दिली नाही. नोंदीत लिहिलं होतं: कमिशनर. गेलनचा संघ. उंट आत, न्हावी बाकावर. बुधवार, शुक्रवार, रविवार.

गुरुवारी सकाळी खोलीत हार्लननं टेबलावर मूठ आपटली. “सकाळी म्हणतोस माहीत नाही आणि संध्याकाळी लावतोस? मधे काय कळलं तुला?”

डेन्झिल म्हणाला, “लावायला हवा होता.”

“कुणी सांगितलं?”

डेन्झिलनं डोनट उचलला.

“अरे, मी तुझ्या बाजूनं बोलतोय, म्हाताऱ्या,” हार्लन म्हणाला. “रेघ एक उरलीय.”

“मोजता येतं मला.”

 ट्वायलाला हवं ते झालं होतं, तरी चेहरा पडलेला. मागितलेली वस्तू न भांडता मिळाली की माणूस तिला उजेडात धरून बघतोच.

उंटानं बुधवारी चौतीस गुण दिले. शुक्रवारी एकोणतीस. डेन्झिलचे गडीही खेळत होते, अंतर कमी व्हायचं, वाढायचं. शनिवारी डेन्झिलचा शेवटचा माणूस खेळून मोकळा झाला. रविवारी दुपारी एकट्या उंटाचा सामना उरला आणि डेन्झिलकडे बत्तीस गुणांची आघाडी.

रविवारी चर्चच्या तळघरात जेवण होतं, कोंबडीच्या रश्शातल्या शेवया, बटाट्याच्या लगद्यावर वाढलेल्या. वाढायला डेन्झिल, दरवर्षीसारखा, हातात डाव आणि पोटावर एप्रन. कोपऱ्यात टीव्ही. हार्लनच्या मांडीवर फोन, तो गुण वाचून सांगायचा, अंत्यविधीला बायबल वाचावं त्या आवाजात. “अकरा. चौदा.” मध्यंतराला अठरा. तिसऱ्या भागात उंट बसला आणि माझा जीव भांड्यात पडला. मग तो उठला. “तेवीस. सव्वीस.” पाद्रीबाई दुसऱ्यांदा शेवया मागायला आल्या आणि रांगेतच टीव्हीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. डेन्झिल त्यांच्या ताटात वाढत राहिला. ताट भरलं, तरी वाढत राहिला.

“एकतीस,” हार्लन म्हणाला. “एकानं पुढे आहेस, डेन्झिल. चाळीस सेकंद.”

उंटानं चेंडू मारला. कडीवर आपटून बाहेर आला. ट्वायलानं श्वास सोडला, कुणासाठी ते तिलाही ठाऊक नसेल. पण उंटानं मान लांबवली, स्वतःचाच चेंडू स्वतःच धरला आणि वरून आत घातला. रिबाउंड एक, बास्केटचे दोन.

हार्लननं फोन पालथा ठेवला. “दोननं गेलास,” तो म्हणाला.

 डेन्झिलनं डाव भांड्यात ठेवला, परत उचलला.

“बटाटे कुणाला हवेत?” त्यानं विचारलं.

पुढच्या आठवड्यात गेलननं घरी खाटेवरून फायनल खेळली आणि ट्वायलाला लोळवलं, उंटाच्याच जोरावर. सोमवारी मधल्या वेळेत डेन्झिलनं पाटी भिंतीवरून उतरवली, टेबलावर ठेवली आणि शेवटच्या रेघेवर गेलनचं नाव रंगवलं. अडीच तास लागले. हार्लन पाठीशी उभा. “हात थरथरला नाही रे तुझा,” तो म्हणाला, आणि ते कौतुक नव्हतं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरनं गेलनचं बस चालवणं कायमचं बंद केलं. नऊ नंबर मोकळा झाला आणि डेन्झिलला मिळाला. मग काय, लोकांनी दोन आणि दोन मांडले आणि बेरीज नऊ केली. इस्पितळात निरोप गेला होता म्हणे, लोरीनमार्फत. तू मला फायनल दे, मी तुला तलाव देतो. ट्वायला शपथेवर सांगत होती. फाटकाला कान देणारा माणूस असा निघाला, असं मीही दोघातिघांना सांगितलं. डेन्झिलच्या कानावर गेलं असणार. तो खोलीत आला की आम्ही हवामानावर बोलायचो. मग त्यानं मधल्या वेळेत बसमध्येच डबा खायला सुरुवात केली.

मेमध्ये गेलन सामान न्यायला आला. पंधरा किलो उतरलेला, हातात काठी. वजन उचलायचं नाही म्हणून मी सोबत बसमध्ये चढलो. सीटमागचा गळ काढला, बसायची उशी काढली. मग त्यानं हात वर करून काचेवरची उन्हाची झडप खाली ओढली. तिथं रबरात खोचलेली पिवळी चिठ्ठी होती. गेलनचं अक्षर. त्यानं वाचली आणि माझ्याकडे दिली. ‘बुधवार. घोटा बरा असेल तर उंट आत, न्हावी बाकावर. शुक्र, रवि तेच. डेन्झिल मेला.’

ती त्यानं, तोच म्हणाला, सोमवारी सकाळची फेरी संपल्यावर लिहिली होती, आजारी पडायच्या काही तास आधी. बुधवारी तलावाकाठी ऊन डोळ्यांवर आलं, तेव्हा डेन्झिलनं झडप ओढली आणि ती त्याला दिसली. त्यानं ती वाचली, होती तिथं परत खोचली आणि लिहिलं होतं तेवढंच केलं. गेलनशी त्याचं काहीच बोलणं झालं नव्हतं. नऊ नंबर त्याला ज्येष्ठतेनं मिळाला.