पिशवी नव्हे

माणसाच्या शरीरात पिशवी म्हणावं असं फार थोडं आहे. मूत्राशयाला म्हणा, पित्ताशयाला म्हणा, जठरालाही ओढूनताणून म्हणता येईल. गर्भाशयाला म्हणता येणार नाही. बसवनगुडीतल्या एका नर्सिंग कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलींना मी हे वर्षानुवर्षं शिकवते आहे, आणि चामराजपेटला माहेरी गेले की तोच अवयव आईच्या, आत्याच्या, मावशीच्या तोंडून 'पिशवी' म्हणून ऐकते आहे. पुष्कळ वर्षं मी ते चालवून घेतलं. आता घेत नाही, आणि त्यामुळे कुणाला मी आगाऊ वाटत असेन तर खुशाल वाटू दे.

माझा विषय शरीररचना आणि शरीरक्रिया. सुरुवात पेशीपासून होते, मग हाडं, स्नायू, हृदय, फुप्फुसं, पचन, मूत्रपिंडं, मेंदू. प्रजनन संस्था पुस्तकात सर्वांत शेवटी येते. तोवर परीक्षा डोक्यावर आलेली असते, हासन-तुमकूरच्या मुली घरी जायच्या घाईत असतात, आणि शिक्षकांमध्ये एक न बोलता ठरलेलं असतं की हा धडा मुलींनी आपला आपण वाचायचा. शिकवायचं इंग्रजीत, समजावायचं कन्नडमध्ये. मराठी राहते ती घरापुरती. आमचं घराणं कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडे कानडी मुलखात येऊन स्थायिक झालेलं, त्यामुळे आमची मराठी स्वयंपाकघरात, देवघरात आणि लग्नकार्यातच वाढली. त्या मराठीत छातीपासून गुडघ्यापर्यंत सगळ्याला पोट म्हणतात. जुलाब झाले तरी पोट, पाळी आली तरी पोट, दिवस गेले तरी पोटच. त्याच्या आत काही वेगळं, नाव घेण्याजोगं असेल तर ती एक पिशवी.

आमच्याकडच्या बायका चाळिशी ओलांडली की एकमेकींना विचारतात, "तुझी काढली का?" काय काढली, हे सांगावं लागत नाही. मुंज असो की बारसं, पंगत उठली, पानं उचलली गेली की बायकांच्या घोळक्यात हा विषय निघतोच. जिची काढलेली असते ती, जिची राहिली आहे तिच्याकडे काशीला जाऊन आलेल्या माणसासारखी बघते. "सुटले बाई," असं जी ती म्हणते. कशापासून सुटली हे विचारलं तर पाळीचं नाव निघतं, आणि जरा खोदून विचारलं तर कळतं की दरमहा घरातल्या चार माणसांदेखत बाजूला बसायच्या लाजेपासून सुटली. त्या लाजेवर शस्त्रक्रिया होत नाही, म्हणून पोटावर करून घेतली. मला याचा राग येतो. त्या बायकांचा नाही, त्या लाजेचा.

मग माझी पाळी आली, दोन्ही अर्थांनी. पंचेचाळिशी उलटली आणि अंगावर फार जायला लागलं. वर्गात रक्ताचा धडा चालू होता. फळ्यावर तांबड्या पेशीचं चित्र काढून मी मुलींना सांगत होते की हिमोग्लोबिन कमी झालं की प्राणवायू पुरेसा पोचत नाही, मग जिना चढताना धाप लागते, ओठ फिके पडतात. पहिल्या बाकावरची एक मुलगी माझ्या ओठांकडे बघत होती. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या वर्गात पोचायला मला मध्ये दोनदा थांबावं लागलं होतं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन इतकं खाली निघालं की लॅबवाल्याला चूक वाटली आणि त्यानं पुन्हा रक्त मागितलं.

सोनोग्राफीत गर्भाशयात एक गाठ दिसली. साधी, फायब्रॉइड म्हणतात ती. आमच्या घरातल्या निम्म्या बायकांच्या पिशव्या ज्या डॉक्टरीणबाईंनी काढल्या, त्यांच्याकडेच मी गेले. बाई मायाळू आहेत. आपल्या माणसांशी बोलावं तसं कन्नडमध्ये म्हणाल्या, गर्भचीला तेगेदु बिडोण. म्हणजे काढूनच टाकू या. चीला म्हणजेही पिशवीच. मी विचारलं की गाठ नक्की कुठे आहे, भिंतीत की आत डोकावणारी, आणि फक्त गाठ काढता येईल का. त्या म्हणाल्या, कशाला ती झंझट, पुन्हा झाली तर? मी अंडाशयांचं विचारलं. तीही काढू, पुढची काळजी मिटली. भाजीवाल्यानं वर मूठभर कोथिंबीर टाकावी इतक्या सहज त्या हे म्हणाल्या.

माझा नवरा शेजारी बसला होता. तो पुण्याचा, हेब्बाळच्या एका टेक पार्कात कामाला. एवढं सगळं झाल्यावर त्याचा प्रश्न एकच होता, हे कॅशलेस होईल ना. बाईंनी मान डोलावली आणि माझ्याकडे बघून, अगदी प्रेमानं, विचारलं, "मुलं झाली, मोठी झाली. आता तिचं काय काम?"

"काम झालं म्हणून काढायचं असेल तर ह्यांचंही झालंय," मी म्हटलं. "ह्यांचंही काही काढू या का?"

बाई हसल्या नाहीत. नवरा भिंतीवरच्या गरोदर बाईच्या चित्राकडे एकटक बघत राहिला. बाहेर आल्यावर ऑटोत तो म्हणाला की तू जरा ओव्हररिॲक्ट केलंस. मी म्हटलं, करू दे.

इथे एक गोष्ट साफ सांगते. ज्या बाईला काढावंच लागतं तिनं काढावं. कॅन्सर असेल, जिवावर बेतत असेल तर मी एक क्षण थांबले नसते. माझा हट्ट गर्भाशय ठेवण्याचा नव्हता, विचारलं जाण्याचा होता. माझ्या शरीरातला एक अवयव काढायचा तर कुठला, का, किती, आणि दुसरा मार्ग आहे की नाही, हे मला कळायला हवं होतं. मी आयुष्यभर तेच शिकवत आले होते आणि माझ्यावर वेळ आल्यावर माझ्या पदरात टाकायला डॉक्टरीणबाईंकडे 'पिशवी' एवढा एकच शब्द होता.

त्याच आठवड्यात मी शेवटचा धडा आधी घेतला. विभागप्रमुखांनी आठवण करून दिली की त्यावर परीक्षेत फारसं विचारत नाहीत. मी 'सरी', म्हणजे बरं, म्हटलं आणि कपाटातून ओटीपोटाचं मॉडेल काढून वर्गात नेलं. मुलींना विचारलं, तुमच्या घरी याला काय म्हणतात. आधी सगळ्या खाली बघत होत्या. मग एक हळूच गर्भचीला म्हणाली. बिहारकडून आलेली एक बच्चेदानी म्हणाली. वर्ग खुदखुदला, आणि मीही हसले, कारण कुंकवाची डबी आणि अत्तरदाणी यांच्याच रांगेत आपण स्त्रीचा सर्वांत दांडगा स्नायू नेऊन ठेवला आहे.

मॉडेल उघडून मी त्यांना आतली पोकळी दाखवली. पिशवीत जागा असते, इथे पुढची भिंत मागच्या भिंतीला टेकलेली असते, मध्ये एक फट तेवढी. बाकी सगळं मांस. मुठीएवढा हा अवयव पोर मावेल इतका वाढतो आणि पुन्हा मुठीएवढा होतो. त्याचे धागे उभे, आडवे, तिरपे असे एकमेकांत गुंतलेले असतात, आणि रक्तवाहिन्या त्या धाग्यांच्या मधून जातात. बाळ बाहेर आलं, वार सुटली की तिथे उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्यांतून बाई काही मिनिटांत रक्त जाऊन मरू शकते. ती मरत नाही, कारण हे धागे आवळतात आणि प्रत्येक वाहिनी पिळून बंद करतात. तुम्ही सगळ्या इथे बसला आहात, मी म्हटलं, त्या तुमच्या आयांच्या या स्नायूनं वेळेवर मूठ आवळली म्हणून. मग अंडाशयं दाखवली. ती वेगळी आहेत, दोन आहेत, आणि त्यांचं काम पोरं होईपर्यंतच नसतं. हाडं, हृदय, झोप यांवर त्यांचा हात असतो. मुलींची वह्या उघडायचीही इच्छा दिसली नाही, त्या नुसत्या बघत होत्या. तो धडा मी तीन तास घेतला.

आईला हे सगळं पसंत नव्हतं. ती सत्तरी ओलांडलेली, माझ्या हट्टाला माझ्या शिक्षणाची मस्ती म्हणणारी. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. "स्वल्प माझं ऐक," ती म्हणायची, "आपल्या घरात कुणाची राहिलीय? काढून टाक बघू, आणि जिवाला स्वस्थता दे." मी दुसऱ्या डॉक्टरकडे जाते आहे म्हटल्यावर ती सोबत यायला निघाली, मला एकटी सोडलं तर मी त्या डॉक्टरलाही काहीतरी ऐकवून येईन म्हणून.

ही डॉक्टर हेब्बाळला होती, माझ्याहून बरीच तरुण. तिनं सोनोग्राफी पुन्हा केली आणि कागदावर चित्र काढून दाखवलं. गाठ आतल्या बाजूला डोकावत होती. पोट न कापता, खालच्या वाटेनं नळी घालून ती खरवडून काढता येण्यासारखी होती. ती म्हणाली, रक्तस्राव पूर्ण थांबेलच असं वचन देत नाही, गाठ पुन्हाही होऊ शकते, तेव्हा पुन्हा बोलू. मला ते 'पुन्हा बोलू' फार आवडलं. मग घरात कुणाला काय आजार होते हे ती विचारू लागली. आईचं गर्भाशय काढलेलं आहे हे मी सांगितल्यावर ती आईकडे वळली. तुमचं ऑपरेशन कधी झालं? आई म्हणाली, चाळिशीच्या आतच. डॉक्टरनं विचारलं, अंडाशयंही काढली होती का?

आई माझ्याकडे बघायला लागली. मी मराठीत पुन्हा विचारलं. "काय की," ती म्हणाली. "ते डॉक्टर ह्यांच्याशी बोलले होते. मला कुणी काही सांगितलं नाही."

डॉक्टरनं विचारलं, त्यानंतर लगेच अंगाची आग, घाम, झोप न लागणं असं काही? हाडं मोडली का? आईनं मनगट पुढे केलं. न्हाणीत नुसती घसरली आणि ते मोडलं, तेव्हा ती पन्नाशीचीही नव्हती. आणि मला ते डिसेंबर आठवले, सगळं घर शालीत गुरफटलेलं आणि आई पंख्याखाली पदरानं मान पुसत उभी. वडील म्हणायचे, हिचं डोकं हल्ली गरम झालंय. आत्या म्हणायची, आधी अशी नव्हती. आम्ही भावंडं तिच्या वाटेला जायचो नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्यात दुःखापेक्षा संताप जास्त होता. एका घरानं एका बाईला वर्षानुवर्षं तापट ठरवलं, आणि तिच्या शरीरातून काय गेलं होतं ते तिलासुद्धा ठाऊक नव्हतं.

डॉक्टरनं चित्राचा कागद पुढे सरकवला. आई वयानं मोठी, म्हणून रीतीप्रमाणे तिलाच विचारलं, अम्मा, तुमचं काय म्हणणं, काय करू या? महिनाभर रोज फोन करणाऱ्या माझ्या आईनं तो कागद माझ्याकडे सरकवला.

"मला काय विचारता," ती म्हणाली. "तिचं आहे. तिला विचारा."

मी सांगितलं, गाठ काढा, बाकीचं राहू द्या. पुढे तसंच झालं. गाठ निघाली, रक्त भरून यायला काही महिने लागले, आणि आता मी न थांबता तिसऱ्या मजल्यावर जाते. डॉक्टरीणबाई अजूनही भेटल्या की माझ्याशी जरा तुटक बोलतात. बोलू देत.

त्या दिवशी या तरुण डॉक्टरकडून परतताना उड्डाणपुलावर ऑटो अडकला होता. आई बाहेर बघत होती. मग तिनं विचारलं, ती अंडाशयं म्हणतात ती असतात तरी कुठे. मी तिचा हात घेतला आणि साडीवरूनच आधी उजवीकडे, मग डावीकडे टेकवला. इथे आणि इथे, मी म्हटलं, असली तर. तिनं हात तिथेच ठेवला. बघता येतं का आता, तिनं विचारलं. मी म्हटलं, या वयात ती आक्रसलेली असतात, दिसतील न दिसतील, पण प्रयत्न करता येईल. आणि कळून आता उपचारात फारसा फरक पडायचा नाही, हेही सांगितलं.

"फरक पडू दे नाहीतर न पडू दे," आई म्हणाली. "माझ्यातून काय काय नेलं ते मला कळलं पाहिजे. ऑटो मागे फिरवायला सांग."