पाण्याच्या टाकीवरचा तास

'खरी माहिती कशी ओळखावी' हे खेड्यातल्या मुलांना शिकवायला कोण जाईल, असं आमच्या पुण्याच्या कॉलेजात विचारलं, तेव्हा सगळे एकदम मोबाइलमध्ये बघायला लागले. मी ग्रंथपाल. चष्मा पुसत होते, म्हणून सापडले. चाळीस स्लाइड केल्या आणि सकाळच्या गाडीने सोलापूर गाठलं.

स्टँडजवळ कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही खाऊन घ्या, पुढे काही मिळत नाही. अक्कलकोटकडची एसटी वळसंगला सोडते. बायकांना अर्धं तिकीट. तिथून गावापर्यंत वडापची जीप, आणि ती माणसांनी गच्च भरल्याशिवाय हलत नाही. पोचेपर्यंत दुपार झाली.

शाळेतल्या कोरे सरांनी कौतुकाने संगणकांची खोली उघडली. सहा संगणक, कव्हरांवर हळदकुंकू.

"दर खंडेनवमीला पूजा करतो," सर म्हणाले.

"आणि चालू?"

"लाइट असली की करतो की."

लाइट नव्हती, त्यामुळे प्रोजेक्टरही नव्हता. मग बारावीच्या मुलींना लिंबाखाली तोंडीच शिकवलं. शेवटी वाटलं, काहीतरी उपयोगाचंही सांगावं. म्हटलं, "शिष्यवृत्तीच्या अर्जाला सोमवारपर्यंत मुदत आहे बरं का."

पहिल्या रांगेतली भाग्यश्री उभी राहिली. "मॅडम, ह्ये कुणी सांगितलं?"

"आमच्या ग्रुपवर आलंय."

"ग्रुपवर टाकणाऱ्याला कुणी सांगितलं?"

हा प्रश्न तासाभरापूर्वी मीच शिकवला होता. तिने वही पुढे केली. घरात फोन एकच, तो दिवसभर वडिलांबरोबर शेतात. संध्याकाळी अर्धा तास हातात आला की ती सरकारी साइटवरचं सगळं वहीत उतरवून घ्यायची. मुदत आजच, सहापर्यंत. तिचा अर्ज अर्धाच भरलेला होता. कोरे सर दुपारी त्यांचा फोन देणार होते, पण पाहुण्या मॅडमचा तास म्हणून ती गप्प बसली होती.

"न्हाय मिळाली तर सोलापूरचं हॉस्टेल न्हाय. मग कॉलेज बी न्हाय," ती शांतपणे म्हणाली.

वर्गातल्या आणखी दोघींचे अर्ज राहिले होते, आणि त्यांनी माझा 'सोमवार' वहीत लिहूनही घेतला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सरांनी त्या दोघींना घेतलं, मी भाग्यश्रीला. गावात रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर, तीही सातव्या पायरीपासून वर. ओटीपी गेला तिच्या अप्पांच्या फोनवर. तिने माझ्या फोनवरून त्यांना गाठलं. ते बांधावरून कानडीत आकडे वाचत होते, "ऐदु, मूरु, एंटु", ती मराठीत वहीत उतरवत होती, आणि मी वहीत बघून टाइप करत होते. सहाला दहा मिनिटं असताना अर्ज गेला. पाठोपाठ त्या दोघींचेही गेले.

"थांब, स्क्रीनशॉट काढते," मी म्हणाले.

"काढा की. पण फोन तुमचा हाय, तुमी जाणार," म्हणत तिने अर्जाचा क्रमांक वहीत लिहिला.

पुण्यात पोचले तर ग्रुपवर 'सोमवारपर्यंत' पुन्हा फिरत होतं, खाली जोडलेले हातच हात. मी दुरुस्ती टाकली. तिला एक अंगठा आला.

कॉलेजच्या अहवालात रकाना होता: प्रशिक्षण मिळालेल्यांची संख्या. मी 'एक' लिहिलं आणि पुढे माझं नाव.